ग्वाल्हेरात जाळीचं विणकाम शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी झाली की आमच्या जाळी विणकामाच्या कार्यशाळेसाठी फोन सुरू होतात. पहिला प्रश्न "जागा आहे का?" आणि दुसरा "मला जमेल का हो?" पहिल्याचं उत्तर दर वर्षी बदलतं. दुसऱ्याचं खाली कुठे ना कुठे सापडेल. बाकीचे प्रश्न ज्या क्रमाने आठवले त्याच क्रमाने लिहिलेत.

जाळीचं विणकाम म्हणजे क्रोशाच ना?

नाही. क्रोशाला एक आकडा पुरतो आणि त्यावर एका वेळी एकच टाका उघडा असतो. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, ताटावरचं झाकण असं आपल्या घरांत जे पाहिलंत ते बहुतेक क्रोशाचं. आम्ही दोन सुयांवर विणतो. साठ टाके असतील तर साठही एकदम सुईवर उघडे असतात आणि एक निसटला की शिडीसारखा खाली धावतो. लोक जाळीला घाबरतात ते यामुळेच.

जाळीतली भोकं मुद्दाम पाडलेली असतात. धाग्याचा एक वळसा नुसताच सुईवर घ्यायचा, कुठल्याही टाक्यातून न काढता. परतीच्या ओळीत तो टाका होऊन बसतो आणि त्याच्याखाली भोक राहतं. एक टाका वाढला, म्हणून शेजारी किंवा जरा लांब दोन टाके एकत्र विणून हिशेब मिटवायचा. इथल्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणी वळशाला 'जाली' म्हणतात आणि दोन एकत्र विणण्याला 'जोडा'. आमच्या मराठी बैठकीतही तेच रुळलंय. सुईला सलाई आणि टाक्याला फंदा म्हणणाऱ्या तर निम्म्या आहेत. शब्द कुठलाही वापरा, जितक्या जाळ्या तितके जोडे झाले पाहिजेत. नक्षी म्हणजे मग कुणाला कुठे बसवायचं याची मांडणी.

पारंपरिक म्हणता, पण ही परंपरा आपली आहे का?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कुणीतरी पेशव्यांपर्यंत नेऊन भिडवतं.

आम्ही मुख्यतः तीन ठिकाणच्या जाळ्या शिकवतो. पहिली शेटलँडची. स्कॉटलंडच्या उत्तरेला ही बेटं आहेत आणि त्यातलं अगदी उत्तरेचं वस्तीचं बेट म्हणजे उन्स्ट. तिथल्या बायका मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर हातांनी उपटून इतकी बारीक कातायच्या की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची. नक्षींची नावं त्यांच्या रोजच्या जगण्यातली आहेत: मांजराचं पाऊल, पक्ष्याचा डोळा, घोड्याची नाल, लाटेचा ठसा. आर्थर अँडरसन हा शेटलँडचाच माणूस. त्याने १८३७ साली तिथले तलम मोजे व्हिक्टोरिया राणीला भेट दिले आणि या कामाला गिऱ्हाईक मिळालं. पुढे साहेब लोकांना हिंदुस्थानात आणणाऱ्या 'पी अँड ओ' बोटींच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी हाच एक. मला हे कळलं तेव्हा जरा गंमतच वाटली.

दुसरी ओरेनबर्गची, रशियात उरल डोंगरांच्या दक्षिणेकडची. तिथे शेळीची लव आणि रेशमाचा धागा एकत्र पिळून विणतात. तिसरी एस्टोनियातल्या हाप्सालूची. समुद्रकाठचं गाव, एकोणिसाव्या शतकात लोक तिथे औषधी चिखलाच्या स्नानासाठी यायचे आणि गावातल्या बायका त्यांना शाली विकायच्या. तिथली खूण म्हणजे 'नुप', एक फुगीर दाणा. एकाच टाक्यात सात टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत सातही एकदम उलट विणायचे. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा करताना सुई आत शिरत नाही आणि शेजारची बाई हसते.

एकीने विचारलं होतं, "पश्मिनाही अंगठीतून जातो, मग आपली परंपरा नाही कशी?" घोळ मराठीने घातलाय. मागावर ताणा-बाणा घालणं तेही विणणं आणि सुयांवर फासात फास ओवणं तेही विणणंच. पश्मिना शाल मागावरची असते. लव मात्र तीच, शेळीची, त्यामुळे मावस नातं म्हणायला हरकत नाही.

कार्यशाळा आणि शनिवारची बैठक यात फरक काय?

कार्यशाळा म्हणजे नोव्हेंबरातले चार रविवार, दुपारी तीन तास, जास्तीत जास्त आठ जण. तिला शुल्क आहे आणि लोकर त्यातच येते. बैठक दर शनिवारी असते. तिला शुल्क नाही, अभ्यासक्रम नाही, हजेरीही नाही. आपापलं काम घेऊन यायचं, अडलं तर विचारायचं, नाही अडलं तर गप्पा मारायच्या. चहाचे पैसे डब्यात टाकायचे.

खरं शिक्षण बैठकीत होतं, हे कार्यशाळेचे पैसे घेऊनही मी सांगते. चार रविवारांत कृती कळते. हात बसायला एक थंडी जाते.

कुठे भरते?

लश्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत येण्याजोग्या एका जुन्या घराच्या माडीवर. ते कुणाचं तरी राहतं घर आहे, म्हणून पूर्ण पत्ता नोंदणीनंतर कळवतो. जिना उभा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, त्या दिवशी खालच्या ओसरीवर बसू. मुरार आणि थाटीपूरकडून येणाऱ्या चौघी एका रिक्षात मिळून येतात, त्यांच्याशी गाठ घालून देता येईल.

मला फक्त सुलट-उलट येतं. चालेल?

चालेल. टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं, एवढी शिदोरी पुरे. पण एक गोष्ट येण्याआधी घरी तपासून या, कारण दर वर्षी आठांतल्या दोघी-तिघी इथेच अडकतात.

सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात. उजवा पाय सुईच्या पुढे असायला हवा आणि डावा मागे. आपल्यापैकी पुष्कळजणी आईचं किंवा आत्याचं बघून शिकल्या आहेत. उलट टाका काढताना दोरा सुईवरून गुंडाळायच्या ऐवजी खालून ओढून घेण्याची त्यांना सवय असते, कारण ते झटपट होतं. त्याने टाका सुईवर उलटा बसतो, म्हणजे उजवा पाय मागे. मग पुढची ओळ नेहमीसारखी पुढच्या पायातून विणली की टाक्याला पीळ पडतो. साध्या स्वेटरमध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही, वीण जरा घट्ट आणि छानच वाटते. जाळीत मात्र पीळ पडलेला टाका शेजारचं भोक आवळून घेतो आणि जोडाही पिळलेला दिसतो. नक्षी दिसायला हवी तशी दिसत नाही आणि का दिसत नाही ते सापडत नाही.

तीस वर्षं स्वेटर विणलेल्या बाईला तुमचा उलट टाका चुकतोय असं सांगणं फार अवघड असतं. म्हणून आम्ही चुकतोय म्हणत नाही. सवय बदला, किंवा बदलायची नसेल तर पुढच्या ओळीत मागच्या पायातून विणा, असे दोन रस्ते देतो. दोन्ही बरोबर आहेत. पाय कुठे आहे ते बघून सुई घालायची, इतकंच.

मला सुईच धरता येत नाही.

ऑक्टोबरपासून शनिवारी यायला लागा. नोव्हेंबरात भेटू.

सुया कोणत्या आणायच्या?

४ मिलिमीटरच्या. बांबूच्या किंवा स्टीलच्या, टोक अणकुचीदार असलेल्या. टोक बोथट असेल तर जोडा घेताना जीव जातो.

मिलिमीटर म्हणते आहे ते मुद्दाम. नुसता नंबर सांगून येऊ नका. आपल्या घरांतल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांवर इंग्लिश नंबर असतात आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं, आकडा वाढला की सुई जाड. म्हणजे ८ नंबर आपल्याकडे ४ मिलिमीटर, तिकडे ५. आणि १० नंबर आपल्याकडे सव्वातीन मिलिमीटर, तिकडे चक्क ६. मी इंटरनेटवरून उतरवलेली पहिली नक्षी अमेरिकन होती. त्यात ८ नंबर लिहिला होता आणि आईच्या डब्यात ८ नंबरची जोडी होती. देवच पावला म्हणून बसले विणायला. तीन आठवड्यांनी जे झालं ते गळ्याला गुंडाळण्यापेक्षा कंबरेला बांधण्याच्या लायकीचं होतं, इतकं आखूड आणि ताठ. ते अजून आहे. फोडणीची कढई उतरवताना धरायला वापरते.

घरात कॅशमिलॉनचे गोळे पडलेत. तेच वापरू का?

सरावाला वापरा. शालीला नको, कारण कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक.

जाळी सुयांवरून उतरते तेव्हा अगदी केविलवाणी दिसते. चुरगळलेली, आखडलेली, भांड्यांच्या घासणीसारखी. ती भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की भोकं उघडतात आणि नक्षी उमटते. खरी लोकर तो ताणलेला आकार सुकल्यावर धरून ठेवते. ॲक्रिलिक ठेवत नाही, टाचण्या काढल्या की पुन्हा पहिल्यासारखं. ॲक्रिलिकला इस्त्रीची वाफ देऊन आकार देता येतो, इस्त्री कापडाला न टेकवता बोटभर वर धरून. पण एकदा दिली की परत फिरता येत नाही, आणि जास्त झाली तर सगळं लुळं पडतं. आधी छोट्या तुकड्यावर करून बघा.

गोळ्यावरचा कागद हरवला असेल तर वीतभर धागा तोडून चिमट्यात धरून पेटवा, खाली स्टीलची ताटली ठेवून. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर निघतो आणि मागे टणक मणी उरतो. मण्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो.

जाडीचं म्हणाल तर शिकायला ४ प्लाय लोकर घ्या. १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरते. खऱ्या शालींची लोकर त्याहून बरीच बारीक, १०० ग्रॅमला ८०० मीटरच्या आसपास, आणि उन्स्टची त्याहूनही बारीक. पहिल्याच वर्षी ती मागू नका. रंग फिका घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि मग मला शिव्या बसतात.

पहिल्या दिवशी काय विणायचं?

पिसं आणि पंखे. शेटलँडच्या जुन्या नक्षीचा हा प्रकार. चारच ओळींचा असल्यामुळे डोक्यात राहतो, आणि कडा आपोआप लाटेसारखी होते.

टाके १८ च्या पटीत लागतात. आम्ही मफलरसाठी ६० घालतो: तीन वेळा १८, म्हणजे ५४, आणि दोन्ही कडांना ३-३. कडेचे हे तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच. उरलेल्या ५४ टाक्यांवर पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत काम आहे. दोन-दोन टाके एकत्र सुलट असे ३ वेळा, मग 'जाळी (म्हणजे वळसा), एक सुलट' असं ६ वेळा, मग पुन्हा दोन-दोन एकत्र ३ वेळा. हे १८ टाक्यांत बसतं आणि तीनदा करायचं. चौथी ओळ पूर्ण सुलट, त्याने दर लाटेखाली एक उठाव येतो. झालं, पुन्हा पहिलीपासून.

हिशेब करून बघा. सहा जोड्यांनी ६ टाके गेले, सहा जाळ्यांनी ६ आले. १८ चे १८.

मध्येच चुकलं तर?

चुकणारच. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आमची सगळी कार्यशाळा खरं म्हणजे याचीच आहे. जाळी विणता येणं ही निम्मी गोष्ट. विणलेलं वाचता येणं आणि हवं तेवढंच उसवता येणं ही उरलेली निम्मी. पुष्कळ ठिकाणी पहिलीच शिकवतात.

परवाच्या शनिवारचं सांगते. थाटीपूरच्या ताईंची तिसरी ओळ संपली आणि मोजले तर ५९ भरले. चेहरा उतरला. त्यांनी सुई बाहेर ओढायला हात घातला, म्हणजे सगळंच उसवायला. शेजारी बसलेल्या आजींनी मनगट धरलं. "थांब गं. एकूण नको मोजूस. पंखा-पंखा मोज." दर १८ टाक्यांनंतर सुईवर लाल दोऱ्याची कडी घातलेली होती. पहिला पंखा १८, दुसरा १८, तिसरा १७. म्हणजे चूक तिथेच कुठेतरी. त्या पंख्यात जोडे सहाच्या सहा होते. जाळ्या मोजल्या तर पाच. एक वळसा घ्यायचा राहून गेला होता. आजींनी दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा सुईच्या टोकाने खालून उचलला आणि टाका करून सुईवर बसवला. भोक शेजारच्यांपेक्षा जरा लहान दिसत होतं. "भिजलं की सारखं होईल," म्हणाल्या. एक टाकाही उसवला नाही.

आजी पंचाऐंशीच्या पुढच्या आहेत. नक्षी कुठली ते त्यांना सांगावं लागतं, चूक कुठे आहे ते नाही.

तरीही कधी कधी मोठं संकट येतं. त्यासाठी जीवनदोरी. दर आठ-दहा ओळींनी, साधी परतीची ओळ झाल्यावर, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा शिवणाच्या बोथट सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून घालायचा आणि तसाच सोडून द्यायचा. पुढे काही बिनसलं तर सुई काढून बेधडक उसवा. उसवण दोऱ्यापाशी येऊन थांबते, टाके दोऱ्यात उभे असतात. दोन काळज्या घ्या. दोरा लोकरीचा नको, तो गुंततो. आणि तो खुणेच्या कड्यांतून ओवू नका, नाहीतर कड्या तिथेच अडकून पडतात.

तक्ते वाचता येत नाहीत.

तासाभरात येतात. तक्ता खालून वर वाचायचा, जसं विणकाम वाढतं तसा. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. रिकामा चौकोन म्हणजे सुलट बाजूने सुलट टाका आणि उलट बाजूने उलट टाका, कारण तक्ता नेहमी समोरून दिसणारं चित्र दाखवतो. गोल म्हणजे जाळी, तिरपी रेघ म्हणजे जोडा. रेघ ज्या बाजूला झुकते त्या बाजूलाच विणलेला जोडा झुकतो. करडा चौकोन म्हणजे तिथे टाकाच नाही, पुढे सरका.

आमच्यात तक्ता सगळ्यात आधी पकडला तो एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांनी. बायकोला सोडायला यायचे, खाली कंटाळायचे, म्हणून वर येऊन बसले. आता बायको येत नाही, तेच येतात.

म्हणजे पुरुष चालतात?

वरचं वाचलंत ना? मुलंही चालतात, साधारण दहा वर्षांपुढची. बरोबर आलेल्या मोठ्यांनी त्यांच्या हातातून सुया काढून घ्यायच्या नाहीत, एवढीच अट.

हजिऱ्यातल्या मकबऱ्याची जाळी विणायला शिकवता असं ऐकलं. खरं का?

प्रयत्न चाललाय.

मुहम्मद गौस यांचा मकबरा सोळाव्या शतकातला, अकबराच्या काळातला. शेजारीच तानसेनांची समाधी आहे, म्हणून डिसेंबरात समारोहाच्या दिवसांत आपण सगळे तिकडे जातोच. गाणं ऐकून परततो आणि दगडाकडे बघायचं राहतं. मकबऱ्याच्या चारी बाजूंना दगडी जाळ्यांचे पडदे आहेत, एकेका पडद्यात वेगळी आकृती. सकाळी आत उभं राहिलं की ऊन भोकाभोकांतून फरशीवर उतरतं. ही आपल्या गावची जाळी. पिढ्यान् पिढ्यांची, आणि पक्की आपली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी आलेखाचा कागद घेऊन तिथे गेलो. षटकोनांची एक सोपी दिसणारी जाळी निवडली, चौकोनात चौकोन भरत कागदावर उतरवली, घरी येऊन विणली. षटकोन दबून बसले, कुणी वरून पाय दिल्यासारखे. कारण नंतर कळलं. विणलेला टाका चौरस नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. साध्या विणीत दहा सेंटिमीटरच्या रुंदीत २२ टाके बसत असतील तर तेवढ्याच उंचीत ३० च्या आसपास ओळी लागतात. चौरस कागदावरचं चित्र म्हणून उंचीला आखडतं. शेटलँडच्या पुष्कळ जाळ्या दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या असतात. त्या विणीत एका टाक्याच्या रुंदीला दोन ओळींची उंची जुळते. म्हणून एका चौकोनाला एक टाका आणि दोन ओळी धरल्या की कागद आणि काम बरंचसं एकसारखं दिसतं. तो रस्ता धरून आम्ही पुन्हा बसलोय. षटकोन आता उभे राहिलेत. चांदण्या अजून रुसल्यात.

या वर्षीही डिसेंबरातल्या एका सकाळी जाणार आहोत. कागद, पेन्सिल, खोडरबर आणा. जाळीला हात लावायचा नाही, टेकून उभं राहायचं नाही, कागद तिच्यावर ठेवून घासायचा नाही.

ताणून वाळवणं शिकवता का? त्याला काय सामान लागतं?

शेवटचा रविवार त्याचाच. कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीचा सौम्य साबण घालून वीस मिनिटं भिजवायचं, चोळायचं नाही. पाण्याची तोटी थेट वर सोडायची नाही. दोन्ही हातांवर उचलून काढायचं. एका टोकाला धरून उचललंत तर पाण्याच्या वजनाने ते ताणून लांब होतं. पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलात गुंडाळी करून त्यावर उभं राहायचं. मग मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया जोडून त्यावर पसरायचं आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी आधी मधली रेघ, मग चारी कोपरे, मग लाटेचं एकेक टोक ओढून पक्कं करायचं. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, धुकं असेल तर, दोन दिवसही लागतात. घरात मांजर असेल तर दार लावून घ्या.

गंजणाऱ्या टाचण्यांबद्दल मला विचारू नका. पांढऱ्या शालीवर चौदा तांबूस ठिपके आहेत, ते माझेच.

उन्हाळ्यात बैठक बंद असते का?

मे-जूनमध्ये. पारा ४५ च्या पुढे गेला की लोकर हाताला चिकटते. मार्च-एप्रिलला आम्ही सुती धाग्यावर उतरतो. सूत लोकरीसारखं लवचीक नसतं, जोडा घेताना बोटं दुखतात, पण जाळी स्वच्छ दिसते आणि स्टोल उन्हाळ्यात खरंच वापरता येतो.

जगभर 'सार्वजनिक ठिकाणी विणण्याचा दिवस' म्हणून जूनचा दुसरा शनिवार पाळतात, २००५ पासून. तो दिवस ठरवणाऱ्यांनी ग्वाल्हेर पाहिलेलं नाही. आम्ही तो संक्रांतीच्या आगेमागे, मेळ्याच्या दिवसांत, आमच्यापुरता साजरा करतो. हळदीकुंकवाला वाण म्हणून एका वर्षी खुणेच्या कड्या वाटल्या होत्या, तिळगुळाच्या पुडीत घालून. एकीच्या सासऱ्यांनी त्यातली एक चावली. तेव्हापासून वेगळ्या पुडीत देतो.

नक्षींची झेरॉक्स मिळेल का?

पिसं-पंखे, मांजराचं पाऊल, घोड्याची नाल अशा जुन्या विणी सगळ्यांच्या आहेत, त्यांचे हाताने काढलेले तक्ते देतो. पण आज कुणी तरी बसून रचलेली, विकत घेतलेली शालीची कृती आम्ही वाटत नाही. 'रॅव्हेलरी' या संकेतस्थळावर २००७ पासून हजारो कृती जमल्या आहेत, पुष्कळ फुकटही आहेत. नोंदणी कशी करायची ते शनिवारी दाखवू. "एकच तर प्रत" म्हणून आग्रह करू नका. एकदा केला होता आम्ही, नंतर वाईट वाटलं.

शिकून शाली विकता येतील का?

खरं सांगू? पोटापुरतं होईल असं मला वाटत नाही. एका दुकानदाराने माझ्या दीड महिन्याच्या शालीला जी किंमत सांगितली त्यात लोकरीचेही पैसे निघत नव्हते. वर म्हणाले, "मशीनची यापेक्षा सफाईदार येते." शाल घडी करून पिशवीत घातली आणि घरी आले. ती सध्या सुनेकडे आहे. मागणी आलीच तर लोकरीची किंमत आणि तासांचा हिशेब आधी लिहून घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. ओळखीतल्या माणसांकडून तर नक्कीच. "घरातलंच तर आहे" म्हणणारे तेच असतात.

कसर लागू नये म्हणून काय करावं?

धुऊन ठेवा. घामाचे, तेलाचे डाग असलेली लोकर किड्यांना आधी आवडते. पूर्ण वाळवून, जुन्या मलमलीत सैल गुंडाळून, दर दोन महिन्यांनी काढून झटकायची आणि घडी बदलून ठेवायची. टांगून ठेवू नका, जाळी स्वतःच्याच वजनाने लांबते.

येताना खायला काही आणावं का?

आणा, पण कोरडं. चिवडा, चकली, गजक चालेल. जिलबी, इमरती आणि आंब्याच्या लोणच्याबरोबर पुऱ्या, हे तिन्ही होऊन गेलंय. शेवटच्या प्रकाराचा पिवळा डाग अजून एका पंख्यावर आहे.